उंबऱ्याबाहेरचं माहेर

आत्याबाई गेल्या त्याला आता सव्वा महिना होईल. माझ्या सासूबाई त्या. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणायची रीत. सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकून बसल्या आणि तशाच गेल्या... दुपारपर्यंत नातवंडं-पतवंडं जमली, तरी कुणी घाई केली नाही. बाईमाणसाला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, आणि त्यांचं माहेर तिकडं लांब, बिलोलीजवळ. आम्ही देवणीच्या बाजूचे. ऊन कललं तेव्हा त्यांचा भाचा काखेत लुगडं घेऊन दारात उभा राहिला. तोवर मी धीरानं होते, त्याला बघून मात्र मला रडू आवरेना. हे लुगडं कधीच आलं नसतं, अशी एक वेळ होती.

माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. भावाच्या मुलीच्या लग्नात भावजयीनं, म्हणजे आमच्या मामींनी, आत्याबाईंना आहेराचं लुगडं दिलं. घडी मोडली तर पदराला ओळखीचा डाग. वर्षामागं आत्याबाईंनीच ते भावजयीला नेसवलं होतं! आहेर इकडचा तिकडं फिरतो, हे सगळ्या बायांना ठाऊक असतं; पण ज्याचा त्यालाच परत, असं होऊ देत नाहीत. आत्याबाईंनी लुगडं उंबऱ्यावर ठेवलं, आणि "या घरात पुन्हा पाऊल टाकणार न्हाई," म्हणून जेवण न करता निघाल्या. त्यानंतर माहेरचं नावही काढायच्या नाहीत.

मग मोठा दुष्काळ पडला. मी नवी सून, चौथी शिकलेली, मोठ्यानं बोलायचीसुद्धा भीती. मामंजी, म्हणजे माझे सासरे, आणि आमचे मालक रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. गावातली जनावरं एकेक करून बाजारात गेली. आमच्या दावणीला एक देवणी गाय राहिली, तीही गाभण. तिची आई आत्याबाईंच्या लग्नात माहेरहून आंदण आलेली. मामंजी म्हणाले, "इक तिला. डोळ्यादेखत मरंल." आत्याबाई दिवसभर गाईपाशी बसल्या. नदीकाठी झऱ्याचं पाणी आणि कडबा होता तो त्यांच्या माहेरीच. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाईचं दावं सोडलं आणि मला म्हणाल्या, "चल गं."

मुक्काम करत करत आम्ही पोचलो. गाईची हाडं मोजून घ्यावीत अशी दशा. मामा बहिणीला बघून धावत बाहेर आले. "अक्का, आत ये."

"मी आले न्हाई रे, गाय आलीय. तिला जागा दे."

आणि त्या खरंच गोठ्यात राहिल्या. तीन दगडांची चूल मांडली. फुकट कडबा नको म्हणून भावाच्याच मळ्यात राबायच्या, झऱ्याच्या खड्ड्यातलं पाणी शेंदायच्या. मला मात्र म्हणाल्या, "तू जा आत, तुझी कुठं शपथ हाय?" मामी मला जेवू घालायच्या आणि जाताना फडक्यात भाकरी बांधून द्यायच्या. "तुझ्याच नावानं देते गं. माझं नाव सांगू नको." आत्याबाई फडकं सोडायच्या, माझ्याकडं बघायच्या. "एवढी भूक लागती व्हय तुला? अंगाला तर काही दिसंना!" आणि मुकाट्यानं खायच्या. दोघींच्या मधे माझी मात्र पंचाईत.

गाय व्याली. कालवड झाली. चीक एकट्यानं खात नाहीत, आधी घराला द्यायचा. आत्याबाईंनी चरवी घेतली आणि उंबऱ्यापाशी जाऊन हात पुढं केला. मामी आत उभ्या, हात मागं.

"वन्सं, उंबऱ्यावरून दूध घेत नसतात. लक्ष्मी हाय ती."

"मग तू बाहीर ये."

"माझ्या घराची लक्ष्मी मी बाहीर येऊन घेऊ?"

दोघी तशाच. गोठ्यात गाय वासराला चाटत होती. मी खांबाआड. मला वाटलं, आता ही चरवी मागं फिरली तर हे माहेर कायमचं गेलं. तेवढ्यात मामी खाली बघून म्हणाल्या, "खरं सांगते वन्सं, लग्नाच्या गडबडीत पेटीतलं वरचं लुगडं काढून दिलं. कुणाचं हाय ते बघितलंच न्हाई. तुमी गेल्यावर कळलं... मग कोणत्या तोंडानं बोलवू?"

आत्याबाईंनी चरवी दुसऱ्या हातात घेतली.

"आन् एवढं सांगायला माझी गाय व्यायची वाट बघितलीस व्हय?"

मामींना हसू फुटलं, हसता हसता रडू आलं. आत्याबाईंनी पदर सारखा केला आणि उजवा पाय आत टाकला. त्या दिवशी खरवस सगळ्यांनी एका ताटात खाल्ला.

पाऊसपाणी झाल्यावर गाय-वासरू घेऊन आम्ही परतलो. पुढं मामंजी गेले, दोन मुलींची लग्नं आत्याबाईंनी एकटीनं केली, तरी वर्षातून एकदा माहेरची वारी कधी चुकवली नाही. लातूर जिल्हा झाला तेव्हा गावात गुलाल उधळला. आमचे मालक म्हणाले, "आई, आता आपण लातूर जिल्ह्यात." त्यांनी विचारलं, "आन् माझं माहेर?" "ते नांदेडातच." "मग काय नवं केलं? मला यष्ट्या तेवढ्याच बदलाव्या लागत्यात!"

त्या खरवसाच्या दिवसापासून आत्याबाईंनी दारात उभ्या माणसाशी कधी बोलणं केलं नाही. भांडायला आलेल्यालासुद्धा आधी आत बसवायच्या, मग भांडायच्या.

परवा शेजारची सून विरजण मागायला आली. मागच्या महिन्यात तिचं नि माझं बांधावरून वाजलं होतं, म्हणून बाहेरच उभी राहिली, वाटी पुढं करून. मी वाटी घेतली नाही. मी कधी कुणाला मोठ्यानं काही बोलत नाही... पण घरात कुणीतरी बोललं. "दारात काय उभी राहिलीस? आत ये आधी."

ती दचकली. मीही दचकले, आवाज माझाच होता. मग चप्पल काढून ती आत आली.