वाघमारे डॉक्टर आणि न सांगायचं दुखणं

पुरुष पेशंट समोर बसून उगाच खोकायला लागला, की वाघमारे डॉक्टर उठून रेडिओचा आवाज वाढवायचे. बाहेरच्या बाकड्यावर आतलं बोलणं जाऊ नये म्हणून. मग म्हणायचे, "आता खोकला ऱ्हाऊ द्या, खरं सांगा."

सोनपेठात त्यांचा दवाखाना होता. गावोगाव विद्यापीठाच्या नामांतराची धग होती. ज्यांच्या ओसरीवर डॉक्टरांना वेगळ्या कपात चहा मिळायचा, ते बागायतदार आपलं सर्वांत झाकलेलं दुखणं त्यांच्याकडेच आणायचे. कारण डॉक्टर भावकीतले नव्हते. एकदा मी त्या कपाचा विषय काढला. "दुखण्याला जात इचारत बसलो तर मी डॉक्टर कशाचा, गुरुजी?" एवढंच म्हणाले.

मीही खोकतच आत गेलो होतो. वय अडतीस, मधुमेह नुकताच निघालेला. वर्षभर बायकोजवळ जाणं जमत नव्हतं. बसस्टँडवरच्या तंबूतल्या ताकदीच्या पुड्या खाऊन झाल्या होत्या. सुमनला वाटे, माझं मन दुसरीकडे गेलं. ती माहेरी, पोखर्णीला निघायची भाषा करत होती.

"बाईंना घेऊन या," डॉक्टर म्हणाले. मी नको म्हणालो. "मंग बसा दोघं येगयेगळे झुरत."

आज पेपरात येतं, रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या जनुकालाच गप्प करता येईल का, याचे उंदरांवर प्रयोग चाललेत. तेव्हा डॉक्टरांजवळ खरं सांगण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. शेवटी मी सुमनला घेऊन गेलो. तिला ते सरळ म्हणाले, "बाई, यांचं मन कुटं बी गेलं न्हाई. साखरेनं रक्ताच्या नळ्या आवळल्यात. आजार हाय, बेइमानी न्हाई. साखर आवरा, बिडी सोडा. समदं पयल्यासारखं व्हईल, असं खोटं मी बोलणार न्हाई."

सुमनने डोळे पुसले आणि कोपऱ्यातल्या माठातलं पाणी मागितलं.

"आमचं पाणी हाय," डॉक्टर हळूच म्हणाले.

"तहान लागलीय," ती म्हणाली. अर्धा पेला प्याली आणि उरलेला माझ्या हातात दिला. तापाखोकल्याला मी तिथं कितीदा गेलो असेन, पाणी कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी प्यालो.

दुखणं थोडं हटलं, पुरतं नाही. सुमन मात्र माहेरी गेली नाही.

विद्यापीठाला नाव लागलं, त्याच वर्षी डॉक्टर गेले. ज्यांची गुपितं त्यांनी सांभाळली, त्यांतलं आम्हां दोघांशिवाय कुणी मातीला दिसलं नाही. डॉक्टरांच्या बहिणीने आम्हाला ओळखलं नाही. "तुमी कोण?" तिने विचारलं.

सुमन म्हणाली, "घरचेच."