ओसरीवरची गोधडी

निजामाच्या राज्यातली गोष्ट. माझी बायको बाळंतपणात अडली, म्हणून तिला औरादहून बैलगाडीनं बिदरच्या दवाखान्यात आणलं होतं. ओसरीवर एक म्हातारी गोधडी शिवत बसली होती. शहरातल्या काही बायका घरोघरची जुनी लुगडी मागून आणत, त्यांच्या गोधड्या बाजारात विकत आणि त्या पैशांतून गरीब रोग्यांना दूध देत. ही त्यांच्यातलीच.

माझ्या येरझाऱ्या बघून ती म्हणाली, "कामून फिरायलास, अप्पा? बस हिथं. ह्यो काठ धर."

मी काठ ताणून धरला. ती प्रत्येक टाका अंगठ्यानं दाबून बसवायची. आतून किंकाळी आली की मी दाराकडं वळायचो आणि काठ सैल पडायचा.

"ढिलं सोडू नगं. टाका वाकडा जायलाय."

"तुमचं कुणी आत आहे का?" मी विचारलं.

"समदेच हायत की," ती सहज म्हणाली.

तेवढ्यात नर्स बाहेर आली. मुलगी झाली होती, बायको सुखरूप होती. मी तिथंच रडू लागलो. वर पाहिलं, तर म्हातारी पदरानं डोळे पुसत होती.

"सुटली बाई माझी," ती पुटपुटली. इतका वेळ तीही घाबरलेली होती, हे मला तेव्हा कळलं.