कासाराचे हात

आरोपीच्या पिंजऱ्याचा कठडा कासारानं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. आधीच्या कितीतरी हातांच्या त्वचेचे कण त्या लाकडावर असतील, ते आता याच्या तळव्यांना लागत असतील, असं साक्ष देताना माझ्या मनात येत राहिलं.

एका बाईचा खून झाला होता. तिच्या फुटक्या बांगडीवरचा डीएनए प्रयोगशाळेत मीच तपासला होता. तो अगदी किंचित होता, त्यात दोन-तीन माणसांची सरमिसळ होती.

"त्यात आरोपीचा डीएनए आहे? हो की नाही?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"असावा. पण तो तिथे कधी, कसा आला..."

"तेवढं पुरे, मॅडम."

कासार कळवळून म्हणाला, "आदल्या दिवशी मीच त्यांना बांगड्या भरल्या, साहेब! हात धरल्याशिवाय कशा भरणार?"

मलाच कोंडल्यासारखं झालं. अखेर न्यायाधीशांनी मला माझं अर्धवट वाक्य पूर्ण करायला सांगितलं. "ते तपासणीतून कळत नाही," मी म्हणाले.

पुढे तो सुटला. वर्षभरानं मी त्याच्या दुकानात गेले आणि मनगट पुढे केलं. त्यानं बांगड्या माझ्यासमोर ठेवल्या.

"ताई, तुमच्या तुम्हीच भरा."