चटईवरची घागर

आमचे हे दिवाळीनंतर गेले, आणि महिना-दीड महिन्यात मुलानं मला कळसाडीहून जपानला नेलं. एकटीला कसं ठेवायचं, म्हणून. माझ्यासाठी त्यानं फ्लॅट सोडून एक जुनं लाकडी घर भाड्यानं घेतलं होतं. खरं सांगू, ते घर मुलगा, सून, नात या तिघांपेक्षा मलाच आधी मानवलं. जेवण खाली, झोप खाली, मेज तेवढं पाटापेक्षा जरा उंच. सूनबाईचे गुडघे धरायचे, मुलाचं कपाळ रोज दाराच्या चौकटीवर आपटायचं, मी आपली मांडी घालून निवांत. दारं कागदाची, सरकती. सून कुजबुजली तरी मला ऐकू यायचं, आणि मी ऐकलंय हे तिलाही कळायचं.

घरमालकीण ऐंशीच्या पुढची. मागच्या खोलीत एकटी राहायची. पहिल्याच दिवशी तिनं एक गोष्ट तीनदा बजावली आणि सात वर्षांच्या नातीनं ती मला मराठीत सांगितली, “आजी, चटईवर पाणी नाही सांडायचं. कधीच नाही.” चटई म्हणजे गवताची, जाड, खोलीभर बसवलेली.

मग आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. आमच्या खानदेशात आखाजीला पितरांसाठी पाण्याची घागर भरून मांडतात. गेलेल्या माणसाची पहिली घागर मुलाच्याच हातची लागते, नाहीतर तो तहानलेला राहतो असं आम्ही मानतो. मुलाला गावी जायला रजा नव्हती. म्हणजे जे काय व्हायचं ते त्याच घरात.

घागर कोरी, मातीची हवी. मुलानं रोपांच्या दुकानातून कुंडी आणली.

“हाई काय लयना रे? खाले भोक शे. बापले फुटेल भांडं देशी का?”

“माय, आठे हाईच भेटस.”

“मंग बिगरभोकनी देख.”

इथं हीच मिळते म्हणाला खरा, पण बापाला फुटकं भांडं नको म्हणून बिनभोकाची त्यानं शोधून आणली. आखाजीच्या सकाळी आंघोळ करून भरली, मोठ्या खोलीत मांडली आणि कामावर गेला. साहेबानं अर्धाच दिवस दिला होता. दुपारी येऊन तो नैवेद्य दाखवणार होता.

आता माझी चूक सांगते. कोरी माती पाझरते हे मला काय माहीत नव्हतं? पण आपल्याकडे पाझरलेलं पाणी जमीन पिऊन टाकते, कुणी बघतही नाही. मी सांजोऱ्या तळत बसले. इकडे चटई पाणी पिऊन फुगली.

नेमकी घरमालकीण भाजी द्यायला आली. ओला काळा डाग बघून ती जागीच थांबली. नातीला काहीतरी बोलली.

“आजी, त्या म्हणतात, आत्ताच्या आत्ता उचला.”

“नैवेद्याआधी घागर हलवत नाहीत, म्हणावं.”

“आई, उचला ना! घर सोडायला लावतील आपल्याला,” सून रडकुंडीला आली.

मी घागरीला पाठ देऊन बसले. म्हातारपणी असला हट्ट शोभत नाही, कळत होतं मला. घरमालकिणीनं विचारलं, हे कुणाचं? नात म्हणाली, आजोबांचं पाणी आहे.

तिनं आत जाऊन फडकं आणलं, गुडघे टेकले आणि घागरीच्या बुडाशी पुसायला लागली. पाणी यायचं, ती पुसायची. पिळायची, पुन्हा पुसायची. चेहऱ्यावर राग होता, तो लपवलाही नाही तिनं. मी हात पुढे केला तर फडकं दिलं नाही. तास-दीड तास आम्ही दोघी तशाच बसून होतो.

मुलगा आला. दारातूनच त्यानं सगळं बघितलं आणि वाकून वाकून माफी मागायला लागला. तिनं ऐकूनच घेतलं नाही. आधी त्याला नैवेद्याकडे बोट दाखवलं. त्यानं ताट ठेवलं, हात जोडले, पाणी सोडलं. मग तिनं ते ओलं फडकं त्याच्या हातात दिलं.

यांच्या आजारपणात सहा महिने पुसणं-धुणं मीच केलं. मुलगा आला तो थेट अग्नी द्यायला. त्या दुपारी बापाच्या घागरीखालचं पाणी तो किती तरी वेळ पुसत होता. चटई होती तेवढी कोरडी झाली तरी थांबेना. आम्ही कुणी त्याला बस म्हटलं नाही.