वहिनींना अठ्ठ्याऐंशी

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला माझ्या अँटेनाचं भलतंच वावडं होतं. "वीज पडेल, सगळ्यांच्या टीव्हीत मुंग्या येतील," हे एकच पालुपद. मी लायसन्स काढलेला हौशी रेडिओवाला. पण गच्चीची किल्ली त्या शहाण्याकडे! शेवटी वैतागून सगळं सामान फियाटमध्ये घातलं आणि संध्याकाळी नेरूळपलीकडे मिठागरांच्या बांधाजवळ गाडी लावायला लागलो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. तिकडे तेव्हा चिटपाखरू नसायचं.

डोक्यावरून आम्हा हौशी रेडिओवाल्यांसाठीचा उपग्रह जायचा. त्याच्याकडे आवाज पाठवला की तो पार दूरच्या गावात उतरायचा. उपग्रह उगवून मावळेपर्यंत जेमतेम पाव तास मिळे, आणि तेवढा वेळ अँटेना त्याच्या रोखाने फिरवत राहावं लागे. ते काम बायकोचं. मी आत हेडफोन लावून बसायचो, ती बाहेर उभी राहून अँटेना हातात धरून हळूहळू वळायची. आपण बोललेलं वरून लगेच आपल्याही कानात येतं, हे मी तिला कौतुकाने सांगितलं, तर म्हणाली, "स्वतःचाच आवाज ऐकायला एवढा खटाटोप? घरी कमी बोलता का?"

पलीकडे इंदूरचा एक मराठी गृहस्थ ठरलेला. आम्ही कधी भेटलो नाही. नियमाप्रमाणे बोलायचं ते यंत्राबद्दल आणि हवेबद्दल, घरगुती गप्पा बंद. निरोपही आकड्यांत. त्र्याहत्तर म्हणजे शुभेच्छा, आणि अठ्ठ्याऐंशी म्हणजे चक्क प्रेम आणि पापा! तो दर वेळी म्हणायचा, "तुम्हाला त्र्याहत्तर, वहिनींना अठ्ठ्याऐंशी." ती खिडकीतून डोकं आत घालून विचारायची, "आले का माझे?" आणि या वयात खुशाल लाजायची.

ती गेली तेव्हा सगळ्यांना कळवायचं काम मेहुण्याने केलं. दिवसवार झाले, पाहुणे पांगले. सेक्रेटरीसुद्धा जिन्यात नजर चुकवू लागला. मी परत मिठागरांवर गेलो. अँटेना गाडीच्या कॅरियरला सुतळीने बांधली. इंदूरवाला आला, हवापाणी बोलून झालं, आणि शेवटी म्हणाला, "वहिनींना अठ्ठ्याऐंशी."

मी उलट त्र्याहत्तर म्हटलं आणि बटण सोडलं. कशाला सांगायचं? अख्ख्या जगात हा एकच माणूस उरला होता, ज्याच्या लेखी ती अजून गाडीबाहेर उभी होती. मग मी तेवढ्यासाठीच जात राहिलो. घरी कोण होतं वाट बघायला!

एका संध्याकाळी तो म्हणाला, "अहो, तुमचा आवाज हल्ली सारखा बुडतो. अँटेना फिरत नाहीये. वहिनींचा हात दुखतोय की काय?"

प्रश्न यंत्राबद्दलचा होता, टाळता येईना. मी बटण दाबलं.

"ती नाही आता. गेली."

आणि ते वरून माझ्याच कानात आलं. इतके महिने घरातल्या घरातसुद्धा मी ते बोललो नव्हतो. स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ढसाढसा रडलो.

हेडफोनमध्ये नुसती खरखर होती. उपग्रह मावळायच्या आत तो घाईघाईने म्हणाला, "त्र्याहत्तर, भाऊ. त्र्याहत्तर."

पुढचा आकडा आला नाही. मी मात्र थांबलो होतो.