बाराव्या कडव्याची जागा

मुदतीच्या तापातून उठलो तेव्हा देवीआईने मला टाकलं, अशी शंका मनात आली होती. ती इथे लपवत नाही. एकोणीसशे तीस सालानंतरची गोष्ट, वय माझं सेहेचाळीस. किहीमला आमच्या वाडीत देवीची घुमटी आहे. तिचं एकवीस कडव्यांचं स्तवन आजोबांनी रचलं, वडिलांनी मला तोंडी दिलं. कागदावर उतरवायचं नाही, हा घरचा नेम. बावीस वर्षं मी ते रोज तीनदा म्हटलं; चोवीस हजारांवर आवर्तनं झाली. तापानंतर मात्र दहाव्या कडव्यापुढे शब्दच येईना. दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. माझ्यापाशीच ते संपणार होतं.

अशक्तपणात जागेपण आणि स्वप्न वेगळी राहत नसत. माडांच्या सावल्या अंगणात पाण्यासारख्या हलत. समुद्राची गाज ऐकताना वाटे, हिच्यात त्या ओळी आहेत. पकडू गेलो की नुसती गाज.

एके सकाळी घुमटीपुढे असाच अडलो, आणि कुंपणापलीकडून कुणी अकरावं कडवं म्हणू लागलं, वल्हवतानाच्या संथ चालीत. आधी भासच वाटला. पाहिलं तर रोज मासळी आणणारी कोळीण मावशी, टोपली खाली ठेवून, डोळे मिटून उभी. नवरा दर्यात बुडाल्यापासून ती रोज तिथे थांबत होती, हे मला तेव्हा कळलं. होड्या सुखरूप आणणाऱ्या आईची कडवी शेवटी येतात, त्यांच्यासाठी.

"तुमी भराभर म्हणत व्हता, तात्या. ध्यान सारं पाटाच्या पाण्याकडं," ती म्हणाली. "मना गोड लागं, म्हणून मी ऐकत व्हते."

खरंच होतं. पहिली दहा मी लहानपणी वडिलांच्या मांडीशी बसून आवडीने शिकलो. उरलेली त्यांच्या आजारपणात घाईने पाठ केली, आणि पुढे नुसता आकडा भरत गेलो.

नऊ दिवसांत तिने दहा कडवी परत दिली. बारावं मात्र तिलाही येईना. ते लागलं की नवरा आठवून रडू येई, म्हणाली, शब्द कानात शिरतच नसत.

नेम मोडून मी स्तवन लिहून काढलं, मुलांना शिकवलं. बाराव्याची जागा कोरी आहे. तिथे आलो की हात जोडून तेवढा वेळ गप्प उभा राहतो. आधी ते उणं खुपायचं. आता ते एक देवीआईच्या स्वाधीन केलंय. वीस तिने माझ्या तोंडी ठेवली, हेच पुष्कळ.