होडीच्या नाकावरची पट्टी

लिही बाळा, तुझ्या आईची गोष्ट. ती स्वतः काही सांगायची नाही.

तुझी आई रंगारी. भिंतींची नव्हे हं, होड्यांची. त्या होडीत माणूस बसत नाही. वादळ उठलं की मोठमोठी जहाजं पळ काढतात, आणि ही बया एकटीच त्याच्या पोटात शिरते. वारा किती, हवेचा दाब किती, सगळं आतून कळवते. त्यावरून किनाऱ्यावरच्यांना सांगतात, घरं सोडा नाहीतर थांबा.

दाब कळायला तिला एक बारीक भोक असतं. आम्ही त्याला नाक म्हणतो. रंगवताना त्यावर चिकटपट्टी लावायची, रंग वाळला की काढायची.

तर त्या वर्षी वादळ आलं आणि होडी घाईघाईत सोडली. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना सूनबाई थबकली.

"आई, मी पट्टी काढली का हो?"

"मला काय विचारतेस? मी होते का तिथे?"

"आठवतच नाहीये. पांढऱ्यावर पांढरी पट्टी, दिसणार कुणाला? नाक बंद असलं तर होडी सांगेल सगळं ठीक आहे. लोक घरातच बसतील हो!"

साबणाच्या हातानंच तिनं कामावरच्या साहेबांना फोन लावला. लपवाछपवी नाही. ते म्हणाले, "होडी आता आत शिरेल. वादळाच्या पोटात हवेचा दाब पडतो. आकडा खाली आला तर नाक उघडं. नाही आला तर तिचं ऐकायचं नाही. या इकडे."

मला घेऊनच गेली. पडद्यावर तो आकडा ढिम्म हलेना. हिनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. आणि मग घसरला की गं बाई! आधी जरासा, मग भराभरा.

"पडला! आई, पडला!"

साहेब म्हणाले, "अहो, वादळ भयानक आहे आणि तुम्ही हसताय?"

"हसू द्या हो," मी म्हटलं, "तुम्ही तिकडे लोकांना उठवा."

उठवलं. वेळेत सगळे बाहेर पडले, घरं गेली पण माणसं राहिली.

आणि पट्टी? घरी येऊन तिचा कामाचा सदरा धुवायला घेतला, तर कोपराला चिकटलेली! काढली होती, बाईसाहेबांना पत्ताच नाही.

आता ती लाल पट्टी वापरते. काढली की घरी आणून फ्रिजवर चिकटवते. मी ती बघते, मगच ताट वाढते.